चौथं यायचं नाही

आमच्या लिलसेले गावच्या शर्यतीत पहिलं येण्यापेक्षा चौथं येणं अवघड. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. पण मी वर्षानुवर्षं तळ्याच्या काठावर प्रार्थनागृहाची कॉफी वाटत उभी असते, आणि चौथं येण्यासाठी माणसं काय काय करतात ते माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. शेवटच्या वळणावर धडधाकट गाडीला एकाएकी खोकला लागतो. कुणाचा पाय ‘चुकून’ ब्रेकवर पडतो. एका गृहस्थाने तर आपली गाडी बर्फाच्या ढिगाऱ्यात, बाळाला पाळण्यात ठेवावं इतक्या हळुवार हाताने नेऊन ठेवली होती.

सगळं त्या नियमामुळे. मार्चमध्ये तळं गोठून दगड झालेलं असतं तेव्हा बर्फावर एकेक गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. पहिल्या तिघांची गाडी मग कुणीही मागू शकतो. किंमत ठरलेली, आठ हजार क्रोनर, गाडी कसलीही असो. पैसे पाकिटात घालून पेटीत टाकायचे. मालकाला नाही म्हणता येत नाही. दोघांनी मागितली तर चिठ्ठी काढायची. आणि मागण्याची मुदत प्रार्थनागृहाच्या किटलीत कॉफी आहे तोवर. पैसेवाल्याने गाडीत पैसे ओतून बाकीच्यांना हरवू नये म्हणून जुन्या लोकांनी ही तोड काढली. ओत बाबा किती ओतायचे ते, आठ हजारात दुसरा घेऊन जाईल.

असं असताना वेंडेलाने यंदा आपलं नाव दिलं आणि मला घोर लागला.

वेंडेला म्हणजे आल्गोतची मुलगी. आल्गोतने जन्मभर रस्त्यावरचं बर्फ काढायचं यंत्र चालवलं. आता ऐंशी उलटली, दृष्टी अधू झाली, लेकीकडे राहतो. ती घरोघर जाऊन म्हाताऱ्यांची सेवा करते. कुणाच्या गोळ्या, कुणाचं सूप, कुणाच्या पायात मोजे चढवून देणं. आमची गावं अशी पांगलेली की गाडी नसेल तर हे काम नाही. आणि तिच्याकडे गाडी एकच: बापाची निळी, चौकोनी, विटेसारखी जुनी टर्बो. त्याच गाडीने आठवडाभर काम करायचं आणि त्याच गाडीने शर्यतीत उतरायचं.

‘‘अगं, तिसरी जरी आलीस तरी गाडी जाईल,’’ मी तिला प्रार्थनागृहाच्या पायरीवर गाठून म्हटलं. ‘‘सोमवारी कामावर काय घसरगाडीवर बसून जाणार आहेस?’’

‘‘मग काय करू? चौथी येऊ?’’

‘‘सगळे येतात.’’

‘‘हेडविग, तीन हिवाळे मी त्या गाडीखाली पाठ टेकून काढलेत. ते काय चौथं येण्यासाठी?’’

तिच्या बोलण्यात ताठा नव्हता. पायपेटीवर सूर धरून ठेवावा तशी ती आपल्या म्हणण्यावर स्थिर होती. मी पेटी वाजवते, मला तो सूर ओळखता येतो. तिथे वाद घालण्यात अर्थ नसतो.

आणि तीन हिवाळे खरंच होते. टर्बो म्हणजे काय, तर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक छोटा पंखा फिरतो आणि तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त ताकद. त्या पंख्याचा दाब वाढवायला एक दांडी चार पेच फिरवली की पुरे. गावातली पोरं पहिल्या दिवशी तेच करतात आणि महिन्याभरात इंजिन पिशवीत भरून नेतात. वेंडेलाने त्या दांडीला दोन हिवाळे हातसुद्धा लावला नाही. ‘‘आधी तिला थांबायला शिकवते,’’ म्हणायची, ‘‘मग पळायला.’’ भंगारातल्या जड गाडीचे ब्रेक आणून बसवले. तडकलेल्या रबरी नळ्या एकेक करून बदलल्या. तेल तर ती म्हाताऱ्यांच्या औषधासारखं वेळच्या वेळी बदलायची. मोडीत निघालेल्या मालवाहू गाडीची मोठी जाळी तिने पुढे बसवली, आत जाणारी हवा थंड करायला. ती जाळी मावेना, तेव्हा पुढचा पत्रा करवतीने कापला. तिसऱ्या हिवाळ्यात, सगळं मनासारखं झाल्यावर, दांडी फिरवली. तीही अर्धा पेच. मग रस्त्यावर नेऊन पाहिली, परत आली, आणखी अर्धा.

आल्गोत खिडकीशी बसून टर्बोची शिट्टी ऐकायचा. ‘‘आता शिट्टी गोड झाली,’’ म्हणायचा.

आणि जानेवारीच्या कडाक्यात गाडीने निळा धूर टाकायला सुरुवात केली.

थोडाथोडका नव्हे. एकदा ती प्रार्थनेला आली आणि गाडी उभी करून उतरली, तर मागे बर्च झाडांची रांग दिसेना. रूने दारातच उभा होता. रूनेचं टायरचं दुकान आहे. गावातल्या बहुतेक गाड्यांचे हिवाळी टायर तोच चढवतो. माणूस वाईट नाही, पण जिभेला लगाम नाही.

‘‘वेंडेला, आत मासे भाजतेयस की काय?’’

‘‘ये ना जेवायला.’’

‘‘टर्बो गेली तुझी. मी सांगतो, गेली. भंगारातले भाग जोडून कुठे ताकद येते का? माझी बघ, नवी कोरी बसवलीय या मोसमात.’’

‘‘मग यंदाही तीनात येणार वाटतं?’’

‘‘येणारच. माझी गाडी कोण मागतोय?’’ तो हसला. त्याच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. रूने दरवर्षी तीनात येतो आणि त्याची गाडी कधीच कुणी मागत नाही. ऐन हिवाळ्यात टायरवाल्याशी वाकडं घेणार कोण? उलट दुसऱ्याची गाडी त्यानेच मागितलेली आम्ही दोनदा पाहिली आहे.

टर्बो गेली, हे वेंडेलालाही पटलं. निळा धूर म्हणजे तेल जळतंय, आणि टर्बो झिजली की तिच्यातून तेल गळतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिने उन्हाळ्यातल्या सुट्टीसाठी ठेवलेले पैसे काढले, किनाऱ्यावरच्या शहरातल्या भंगारवाल्याकडून दुसरी टर्बो आणली आणि एका शनिवारी बापाच्या गॅरेजमध्ये लाकडाची शेगडी पेटवून बसवली. गंजलेले बोल्ट तिने तापवून, तेल पाजून, शिव्या न देता सोडवले. शिव्या न देता, हे आल्गोतने मला मुद्दाम सांगितलं.

रविवारी सकाळी गाडी सुरू केली. धूर तसाच. तोच निळा, तितकाच दाट.

त्या दिवशी ती प्रार्थनेला बापाला पाठीमागच्या बाकावर घेऊन बसली तेव्हा तिच्या नखांत काळं होतं आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं. सिक्स्टेनचं प्रवचन होतं. सिक्स्टेन मांडीवर गिटार घेऊन प्रवचन करतो. चार वाक्यं बोलतो, एक ओळ गातो, ती ओळ आम्ही उचलतो, मग तो पुन्हा बोलायला लागतो. त्याचा गळा म्हणाल तर फाटका आहे, पण तो गायला लागला की बाहेरची थंडी दाराशी थबकून ऐकते असं मला वाटतं. त्या दिवशी त्याने दिव्याचा दृष्टान्त लावला होता.

‘‘माझ्या आजीचा रॉकेलचा दिवा धुरकटायचा,’’ तो म्हणाला. ‘‘आजोबा म्हणायचे, तेल वाईट. तेल बदललं. मग म्हणाले, वात वाईट. वात बदलली. धूर आहे तसाच! शेवटी आजीने दिवा उलटा केला. खाली, वातीच्या बैठकीला बारीक भोकं असतात ना, हवा यायची? ती काजळीने बुजलेली.’’ आणि त्याने ओळ धरली:

धुरकटला म्हणुनी दिवा टाकू नको रे,
श्वासाची त्याच्या वाट बुजली, ती मोकळी कर.

मी पेटीवर साथ धरली. दुसऱ्यांदा ओळ आली तेव्हा सगळे गात होते. मी पेटीवरच्या आरशातून मागे पाहिलं, तर वेंडेला गात नव्हती. ती ताठ बसली होती. तिसऱ्यांदा ओळ आली आणि ती उठून, टोपी विसरून, सरळ बाहेर गेली.

‘‘लागलं वाटतं मनाला,’’ शेजारची म्हणाली.

मनाला लागलंच होतं, पण कुठे ते मला दुपारी कळलं. मी तिची टोपी द्यायला गेले, तर गॅरेजमध्ये गाडीचं तोंड उघडं आणि वेंडेलाच्या हातात एक हातभर काळी नळी.

‘‘हेडविग, हे बघ.’’ तिने नळी पिळली. आतून पिवळट, लोण्यासारखं काहीतरी बाहेर आलं आणि मधोमध चक्क बर्फाचा खडा.

‘‘शी! हे काय?’’

‘‘इंजिनाचं नाक. आतली वाफ इथून बाहेर पडते. मी दिवसभर काय करते? या घरी पाच मिनिटं, त्या घरी पाच मिनिटं. गाडी नीट तापतच नाही. वाफेचं पाणी होतं, तेलात कालवतं, आणि रात्री नळीत गोठतं.’’

‘‘पण तू तर रात्री गाडीला विजेचा हीटर लावतेस. आम्ही सगळेच लावतो.’’

‘‘तो पोट गरम ठेवतो, नाक नाही! म्हणून तर कुणाच्या लक्षात येत नाही. सकाळी गाडी झटक्यात सुरू होते, आपण खूश. आणि आत वाफ कोंडलेली. टर्बोतलं तेल खाली उतरायला बघतं, खालून दाब, मग ते जातं कुठे? धुरात.’’ ती खाली बसली आणि हसायला लागली. ‘‘जुनी टर्बो चांगली होती गं. धडधाकट होती बिचारी.’’

नळी धुतली, नळीखालची तेल अडवणारी डबी खरवडून काढली. नळी पुन्हा गोठू नये म्हणून तिने तिच्या एका म्हातारीने विणून दिलेला राखाडी लोकरीचा मोजा, पुढचं टोक कापून, नळीवर चढवला. गाडी सुरू केली. मागे बर्चची रांग स्वच्छ दिसत होती. आल्गोतला ती दिसत नव्हती, पण त्याने मान एका बाजूला कलवली. ‘‘श्वास मोकळा झाला तिचा,’’ तो म्हणाला.

मग जरा वेळाने तोच म्हणाला, ‘‘पोरी, एक बोलू? ती घाणेरडी नळी शर्यतीपुरती परत लाव.’’

‘‘का?’’

‘‘धूर टाकणारी गाडी कोण मागतो? पहिली ये, धूर काढत घरी ये. मग धू सावकाश.’’

मला ते एकदम पटलं, खोटं कशाला बोलू. इतकी सोपी युक्ती! गाडीही वाचते आणि मानही मिळतो.

वेंडेला हात पुसत राहिली. ‘‘बाबा, दाब वाढवलेला आहे. नाक बंद करून तिला पूर्ण जोराने पळवायचं, तर एखादं सील उडेल नाहीतर इंजिन. ते सोड, समजा काही झालं नाही. पण ती आजारी नाही हे मला माहीत असताना तिला आजारी करून लोकांपुढे न्यायचं?’’

‘‘मग मागतील.’’

‘‘मागू देत.’’

‘‘रूनेच मागेल.’’

‘‘मागू दे म्हटलं ना!’’ हे मात्र ती जरा मोठ्याने म्हणाली. तिला काही भीती नव्हती असं नाही. भीती होती, आणि तिने तिला मागच्या सीटवर बसवून ठेवलं होतं, इतकंच.

शर्यतीच्या दिवशी ऊन पडलं होतं. तळं काचेसारखं चमकत होतं, हवा इतकी कोरडी की माणसांचं बोलणं पलीकडच्या काठावर ऐकू जात होतं. मी नेहमीप्रमाणे मोठी किटली मांडली, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे कपाकपात चीजचे तुकडे टाकले, आणि आल्गोतला माझ्या शेजारी रेनडिअरच्या कातड्यावर बसवलं. त्याला दिसणार नव्हतं. त्याला ऐकायचं होतं.

गाड्या सुटत गेल्या. चौथं येणाऱ्यांची कलाकारी नेहमीसारखी चालू होती. रूनेची गाडी लाल, चकचकीत, वळणावर जरा जास्तच ताकदीने घसरली, तरी वेळ चांगली पडली. तोवर तोच पहिला होता.

मग निळी वीट आली. सुरुवातीला शांतच. पहिल्या वळणाला तिने ब्रेक लवकर लावला, सगळ्यांपेक्षा लवकर, आणि गाडी रुळावरून जावी तशी वळली. लांब पट्ट्यावर शिट्टी चढली. आल्गोतने माझा हात धरला. ‘‘ऐक, ऐक. वर जातेय.’’ ती शिट्टी वर गेली, आणखी वर गेली आणि तिथे अडखळली नाही.

शेवटचं वळण. इथेच गाड्यांना खोकला येतो. मी डोळे मिटले आणि मनातल्या मनात म्हटलं, देवा, ॲक्सिलरेटरवरचा पाय तिला उचलू दे, तिला सोमवारी कामावर जायचंय. मग लाज वाटली आणि म्हटलं, नको, देवा, तुला योग्य वाटेल ते कर.

शिट्टी थांबली नाही.

वेंडेला पहिली आली. दुसरा शेजारच्या गावचा एक तरुण, रूने तिसरा. तिने गाडी काठावर आणली, पण किल्ली फिरवली नाही. तशीच चालू ठेवून बसून राहिली. जोरात पळवल्यावर ती नेहमी तसं करते. पंखा तापून लाल झालेला असतो, लगेच बंद केलं तर तेल जागच्या जागी जळतं. लोक टाळ्या वाजवत जवळ आले तरी ती घड्याळाकडे बघत बसलेली.

तेवढ्यात पेटीत पाकीट पडल्याचा आवाज आला.

‘‘निळी,’’ रूने म्हणाला. आवाजात टोमणा नव्हता. ‘‘धूर कुठे गेला गं तिचा?’’

पंचांनी दोनदा विचारलं, तरी निळीसाठी आणखी कुणी पाकीट टाकलं नाही. नियमाप्रमाणे पंचांनी पैसे वेंडेलाच्या हातात दिले. तिने गाडी बंद केली, गाडीतल्या आरशाला लटकवलेली बापाची जुनी पितळी शिट्टी काढून घेतली आणि किल्ली रूनेला दिली.

‘‘आता सांगते ते ऐक,’’ ती म्हणाली. ‘‘पळवल्यावर लगेच बंद करायची नाही. तिला दम घेऊ दे. तेल तुझ्या वाढदिवसाची वाट न बघता बदलायचं.’’

‘‘बरं.’’

‘‘आणि पुढचं झाकण उघडलंस की आत एक मोजा दिसेल. त्याला हात लावायचा नाही.’’

‘‘मोजा?’’

‘‘मोजा.’’

रूनेने झाकण उघडून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. लोक हसायला लागले, पण तो हसला नाही. कसबी माणूस आहे तो. काय बघतोय ते त्याला कळत होतं.

आल्गोत कातड्यावर हलला. ‘‘संपलं का?’’ त्याने मला विचारलं. मी किटली उचलली, तर हलकी लागली. आणि तेवढ्यात वेंडेला समोर उभी, मुठीत रूनेच्याच नोटा.

‘‘हेडविग, कॉफी आहे अजून?’’

मी झाकण उघडून आत पाहिलं. तळाशी एक कप असेल, गाळासकट. ‘‘आहे,’’ मी म्हटलं. ‘‘एक कप आहे. पण कडू असेल.’’

‘‘थांब, ओतू नकोस.’’ ती वळली आणि पंचांकडे गेली. नोटा त्याच पाकिटात घातल्या आणि पेटीत टाकल्या. ‘‘लाल,’’ ती म्हणाली.

मग मागून कुणीतरी खिंकाळल्यासारखं हसलं आणि सगळा काठ हसायला लागला. सिक्स्टेन तर गुडघ्यावर हात मारत होता.

‘‘ए, ए!’’ रूने धावत आला. ‘‘वेंडेला, वेडी का तू? तिच्यात नवी टर्बो आहे! नवी कोरी!’’

‘‘माहीत आहे. तूच सांगितलंस.’’

‘‘माझी कुणी मागत नाही!’’

‘‘मी मागितली. टायर मी स्वतःच चढवते, तुला माहीत आहे.’’

त्याने पंचांकडे पाहिलं. पंचांनी किटलीकडे पाहिलं. मी शेवटचा कप ओतला, चीजचे दोन तुकडे जास्त टाकले आणि रूनेच्या हातात दिला. तो उभ्या उभ्या प्यायला. कडूच असणार.

‘‘बरं, मग अदलाबदल करू या,’’ तो म्हणाला. ‘‘तुझी तुला, माझी मला. सोमवारी सकाळी. कुणाला काही बोलायला नको.’’

मला वाटलं, झालं, देवाने ऐकलं. आल्गोतही मान वर करून बसला. वेंडेलाने निळ्या गाडीकडे पाहिलं. अगदी एकदाच, पण नीट पाहिलं.

‘‘नको,’’ ती म्हणाली. ‘‘पुढच्या मार्चमध्ये ती घेऊन इथे ये. पहिल्या तिघांत ये. तेव्हा पेटीत टाकीन मी पाकीट. तोवर तिला नीट ठेव, रूने. चांगले टायर घाल तिला. तुझ्याकडे चांगले आहेत.’’

मग रूनेच्या लक्षात आलं की वर्षभर तो त्या गाडीवर जे जे चांगलं करील, ते याच किमतीत हिच्या दारात जाईल. आणि वाईट केलं तर तो हरेल. तो मोठ्याने हसला, पहिल्यांदाच मनापासून. ‘‘म्हणजे मी चौथा यायला शिकू म्हणतेस?’’

‘‘शीक. सगळ्यांना येतं.’’

सोमवारी सकाळी मी तिच्याकडे चुलीची राख न्यायला गेले. अंगणातल्या बर्फावर टाकायला मला ती लागते. लाल गाडी दारात गुरगुरत होती. आल्गोत ओट्यावर कानावर हात धरून उभा.

‘‘ही वरच्या पट्टीत गाते,’’ तो कुरकुरत म्हणाला. ‘‘आणि मधेच कोंडते. मला नाही आवडली.’’

‘‘आवडेल,’’ गाडीच्या तोंडात वाकलेली वेंडेला म्हणाली. तिच्या हातात एक काळी नळी होती. तिने ती पिळली. पिवळं लोणी बाहेर आलं, आणि बर्फाचा खडा टणकन पायरीवर पडला.

‘‘नवी कोरी टर्बो,’’ ती म्हणाली, ‘‘आणि नाक बंद. महिन्याभरात हीसुद्धा धूर काढत फिरली असती.’’ कामावर जायला तिला उशीर होत होता, पण नळी नीट धुवून, फुंकून, उजेडाकडे धरून तिने आरपार पाहिलं आणि मगच परत बसवली.

‘‘बाबा, तुझा एक मोजा दे.’’

‘‘कुठला?’’

‘‘पायातला. लोकरीचा आहे ना?’’

आल्गोतने ओट्यावर बसून बूट काढला. ‘‘एकच ना?’’ त्याने विचारलं.

‘‘सध्या एकच. दुसरा जपून ठेव. पुढच्या मार्चला निळीचा फाटला असेल.’’